दुखण्याचा पुरावा

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम मागे पडतात आणि पिरंगुटचा घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना कंपन्यांची फाटकं सुरू होतात. प्रत्येक फाटकावर एक केबिन, केबिनमध्ये रजिस्टर आणि रजिस्टरमागे गणवेशातला माणूस. त्यातले काही जण नुसते 'सिक्युरिटी' नसतात. बुटाच्या पॉलिशवरून आणि साहेबांची गाडी आली की पाठ ज्या रीतीनं ताठ होते त्यावरून फौजी ओळखू येतो. गाडी आत जाईपर्यंत पाठ ताठ. मग हात हळूच कमरेवर जातो, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर येतो आणि नजर घड्याळाकडे वळते. पाळी बारा तासांची असते.

फौजेतला साधा जवान हुद्द्यानुसार साधारण सतरा ते चोवीस वर्षं नोकरी करून घरी येतो. पस्तिशी ते पंचेचाळिशीत तो 'माजी' झालेला असतो. आईवडील थकलेले, मुलं शाळेत, पेन्शन आहे पण घर चालवायला तोकडी. म्हणून मेस्कोकडून, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडून, नाहीतर एखाद्या खासगी एजन्सीकडून फाटकावरची नोकरी. पाठीवर पंचवीस-तीस किलो घेऊन चढलेले डोंगर, बर्फातली ठाणी, खड्ड्याखड्ड्यांतून ट्रकच्या फळीवर बसून केलेले प्रवास हे सगळं कंबर, गुडघे आणि मानेत जमा झालेलं असतं. वैद्यकशास्त्र तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतं. आपल्या फाटकावरच्या माणसाला ते तीन महिने कधी उलटून गेले हे आठवतही नसतं.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. घरटी फौजी असलेल्या अशा गावात माजी सैनिकांचा शब्द चालतो, एकाला कागद अडला तर दुसरा वाट दाखवतो. पिरंगुट-पौडच्या या मुळशी तालुक्याचं तसं नाही. इथं माजी सैनिक विखुरलेले आहेत. एखाद्या वाडीत एक, पुढच्या खोऱ्यात दोन. आणि याच तालुक्याची दोन टोकं एकमेकांना अनोळखी आहेत. हिंजवडी-माणचे काचेचे मनोरे मुळशी तालुक्यात आणि धरणाच्या पाण्यापलीकडच्या भांबर्डे-आंबवणेकडच्या वाड्याही मुळशी तालुक्यातच. भूगाव-भुकूमच्या सोसायट्यांमध्ये निवृत्त कर्नलसाहेब राहतात, कोळवण खोऱ्यात निवृत्त नाईक. दोघांनी एकाच युद्धात एकच कंबर मोडून घेतलेली असू शकते. पुढच्या तीस वर्षांत त्या दोन कमरांचं जे होतं, त्यातला फरक हा या लेखाचा विषय आहे.

आधी फौजेतलं बघू. पलटणीत दुखणं सांगायला जायचं म्हणजे सिक रिपोर्ट करायचा. सकाळी नाव लिहून एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जायचं. तिथं गोळी मिळते, फार तर 'लाइट ड्यूटी' किंवा 'एक्सक्यूज्ड पीटी'चा शेरा मिळतो. एकदोनदा गेलं तर ठीक. तिसऱ्यांदा गेलेल्या माणसाकडे हवालदार मेजर ज्या नजरेनं बघतो, ती नजर कुठलाही जवान विसरत नाही. कामचुकार ठरण्याची ही भीती नुसती लोकलाजेची नाही, तिला कायद्याचं पाठबळ आहे. १९५०च्या आर्मी ॲक्टचं कलम ४६ आजाराचं ढोंग करणाऱ्याला किंवा मुद्दाम बरं होणं लांबवणाऱ्याला सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करतं. फ्रॅक्चर एक्स-रेत दिसतं, ताप थर्मामीटरवर दिसतो. कंबरेतली कळ कशातच दिसत नाही. मग ती खरी की ढोंग, हे ठरवणार कोण?

दुसरी भीती कॅटेगरीची. सैनिकाची तंदुरुस्ती 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण ताकद आणि डोळे. सगळीकडे एक आकडा असला की माणूस 'शेप-वन'. दुखणं नोंदलं गेलं की कॅटेगरी डाऊन होते, आणि ती डाऊन झाली की बढती, कोर्स, बाहेरची नेमणूक सगळ्यालाच धक्का लागतो. पुढं हवालदार व्हायची आस असलेला नाईक गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून त्यावर पँट चढवतो आणि बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्टला धावतो. संध्याकाळी कोट्यातल्या रमचे दोन पेग घेतो. रम हे आपल्या फौजेतलं सर्वात जास्त खपणारं वेदनाशामक आहे असं कुणी म्हटलं तर मी तरी वाद घालणार नाही.

आणि मग निवृत्तीचा दिवस येतो. रिलीज मेडिकल बोर्डासमोर उभं राहायचं. घरी जायची घाई असते, तक्रार सांगितली तर बोर्ड लांबेल, हॉस्पिटलात भरती करून घेतील. 'काही त्रास नाही' असं सांगून सही करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सतरा वर्षं दुखणं लपवायला शिकलेला माणूस शेवटच्या दिवशीही तेच करतो. दहा वर्षांनी तो अपंगत्व पेन्शनसाठी अर्ज करतो तेव्हा समोरून प्रश्न येतो, नोकरीत असताना नोंद कुठं आहे?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात उत्तर दिलेलं आहे. भरतीच्या वेळी जो आजार कागदावर नव्हता आणि ज्यामुळं पुढं माणसाला नोकरीतून काढावं लागलं, तो नोकरीमुळंच आला असं धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. चांगला निकाल आहे. पण तो वापरायला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं मुंबईचं पीठ गाठावं लागतं, वकील धरावा लागतो, तारखा कराव्या लागतात. आणि ज्याला बोर्डानं काढलं नाही, जो 'शेप-वन' म्हणून गाजावाजात घरी आला, त्याची वाट आणखी बिकट. त्यातच २१ सप्टेंबर २०२३पासून अपंगत्वाच्या भरपाईचे नवे नियम लागू झाले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर जाहीर नाराजी व्यक्त केली. दुखणं नोकरीमुळं आलं की नुसतं नोकरीच्या काळात आलं, या फरकावर हजारो घरांचा महिन्याचा हिशोब टांगलेला असतो.

गंमत अशी की जखमी सैनिकासाठी पुण्याएवढी सोय असलेली शहरं देशात फार थोडी. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं मुंबईत सुरू झाली आणि पुढं खडकीला आली. हातपाय गमावलेल्या शिपायांना हाताला काम शिकवणं हा तिचा उद्देश. वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४चं. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८चं. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४चं. मणक्याला मार लागून कमरेखाली लुळे झालेले जवान तिथं राहतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. शिवाय सदर्न कमांडचं कमांड हॉस्पिटल, शिवाय खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल. शंभर वर्षांत एवढं उभं राहिलं, आणि ते पौडपासून तीसेक किलोमीटरवर आहे.

मुरलीकांत पेटकरांचं नाव 'चंदू चॅम्पियन' या सिनेमामुळं आता घराघरांत गेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा फौजेच्या ईएमई विभागात भरती झाला, बॉक्सर झाला, आणि १९६५च्या युद्धात त्याच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक मणक्यात तशीच राहिली. कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात त्यांना पाण्यात उतरवलं ते आधी उपचार म्हणून. पोहणं पुढं खेळ झालं आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक आलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. पद्मश्रीला २०१८ साल उजाडलं आणि अर्जुन पुरस्काराला २०२५. सिनेमात ही सगळी जिद्दीची गोष्ट होते, आणि ती आहेच. पण त्या गोष्टीतली एक साधी बाब पडद्यावर झाकली जाते. पेटकरांना आठवडेन् आठवडे, रोज, हाताशी एक तलाव, एक प्रशिक्षक आणि एक डॉक्टर मिळाला. नंतर पुण्यात टेल्कोची नोकरी मिळाली. एकट्याच्या जिद्दीवर मणका हलत नाही, रोजचा उपचार लागतो.

योगायोग म्हणजे, १९६५च्याच नोव्हेंबरात रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी वेदनेचा 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. जखमेतून निघालेला संदेश थेट मेंदूत जाऊन आदळत नाही. पाठीच्या कण्यात त्याला एक फाटक लागतं आणि ते किती उघडायचं हे मेंदूही ठरवतो, असं त्याचं सार. झोप, भीती, राग, एकटेपणा, आधीचा अनुभव या सगळ्यांचा त्या फाटकावर परिणाम होतो. त्याच्या आधी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांना इटलीच्या आघाडीवर असं आढळलं होतं की गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना विचारूनही वेदनाशामक नको होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा, की त्या सैनिकासाठी जखम म्हणजे मरणातून सुटका होती, घरचं तिकीट होतं. नागरी रुग्णालयातल्या माणसासाठी तेवढीच जखम म्हणजे संकट.

हेच उलटं वाचलं तर आपल्या निवृत्त नाइकाचं दुखणं कळतं. पलटणीत कंबर दुखायची तेव्हा ती दहा जणांची दुखायची. थट्टा व्हायची, कुणी तेल चोळून द्यायचं, दुखण्याला काही अर्थ होता. गावी आल्यावर ती एकट्याची झाली. भावकीच्या बांधाच्या वादात, पोराच्या फीच्या चिंतेत, बारा तासांच्या पाळीत ती चढत जाते. एक्स-रे तोच असतो.

आता उपचारांकडे. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही योजना १ एप्रिल २००३पासून आहे. देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक, त्यांना जोडलेली खासगी रुग्णालयं, एकदाच भरायची वर्गणी आणि मग जन्मभर उपचार. जगातल्या अनेक देशांच्या मानानं ही योजना उदार आहे, हे आधी मान्य करायला हवं. वर्गणी हुद्द्यानुसार आहे, हवालदारापर्यंत ३० हजार, जेसीओंना, म्हणजे सुभेदारांना, ६७ हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार. रुग्णालयातली खाटही हुद्द्यानुसार असते: हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, सुभेदारांना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना स्वतंत्र खोली. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी, अंगावर रुग्णालयाचा एकच हिरवा गाउन असताना, खांद्यावरची फीत तेवढी शिल्लक राहते.

पण खरी विषमता खाटेत नाही. समजा, ताम्हिणीच्या अलीकडच्या एखाद्या वाडीतला एक निवृत्त नाईक आहे. कंबरेतून डाव्या पायात विजेसारखी चमक जाते, पाय बधिर होतो. पहाटेची गाडी पकडून तो पौड, पौडहून चांदणी चौक, तिथून खडकीच्या पॉलिक्लिनिकला पोचतो. कार्ड लावायचं, टोकन घ्यायचं, बसायचं. डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर पन्नास माणसं बसली आहेत. एमआरआयसाठी रेफरल मिळतो. तो ज्या रुग्णालयाचा, तिथं आज तारीख नाही. औषधांच्या खिडकीवर चारपैकी एक गोळी 'एनए'. परतीच्या गाडीत, ज्या कमरेसाठी गेला तीच कंबर पाच-सहा तास आदळत असते. फाटकावरची एक पाळी बुडते, तिचे पैसे कापले जातात.

हे एकदाच असतं तर चाललं असतं. बायपास, मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा बदलणं ही एकदा जाऊन करून घ्यायची कामं आहेत. त्यासाठी योजना छान चालते आणि भाऊबंदही सोबत येतात. दीर्घकालीन वेदनेचा उपचार याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. तो स्वस्त असतो, पण पुन्हा पुन्हा लागतो. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, व्यायाम बरोबर होतोय ना हे बघणारं कुणीतरी, गोळीचा डोस दर पंधरवड्याला कमी-जास्त करणं, झोपेची चौकशी, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणं. मोठ्या पॉलिक्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट असतो. भूगावचे कर्नलसाहेब गाडी काढून दहा सिटिंग पूर्ण करतात, शिवाय त्यांच्या ओळखीत वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा जुना दोस्त असतो, जो फोनवर सांगतो, ऑपरेशनची घाई करू नकोस. नाईक दोन सिटिंगला जातो आणि थांबतो. कागदावर दोघांना एकच हक्क आहे. नाइकाच्या फाइलवर शेरा पडतो, 'रुग्णानं उपचार अर्धवट सोडले'.

मग तो काय करतो? गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणतो. भातलावणीच्या दिवसांत इंजेक्शन घेतो. वर्षानुवर्षांच्या या गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला काय करतात, हे पुढं डायलिसिसच्या खोलीत कळतं. नसेच्या दुखण्याला ही गोळी फारशी लागूही पडत नाही. त्याला वेगळी औषधं लागतात. पायात 'करंट' जातो, तळव्याची आग होते, असं त्यानं सांगितलं तर डॉक्टरला नसेचा संशय यायला हवा. पण सतरा वर्षं फौजी हिंदीत 'सर, कमर में दर्द है' यापलीकडे न गेलेला माणूस दोन मिनिटांत तेवढंच सांगून उठतो.

संरक्षण मंत्रालयानं २०२१ साली 'सेहत' ही फोनवरून डॉक्टरांशी बोलण्याची सोय सुरू केली. फेरतपासणीसाठी ती उत्तम. फक्त, मुळशीच्या खोऱ्यांत रेंज येण्यासाठी माणसं टेकाडावर चढतात, आणि गुडघा दुखणाऱ्यानं गुडघ्याबद्दल बोलायला टेकाड चढायचं, हा विनोद कुणाला सुचला नसेल.

आतापर्यंतचा नाईक निदान योजनेच्या आत आहे. त्याची बायको आहे का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

सैनिकाचं लग्न झालं की पलटणीतून 'पार्ट टू ऑर्डर' निघते आणि बायकोचं नाव रेकॉर्डला चढतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव नाही, नावही बदलायची रीत होती. माहेरची सुमन सासरी येऊन सुनंदा झाली. शाळेच्या दाखल्यावर सुमन, रेकॉर्ड ऑफिसात सुनंदा, आधार कार्डावर सुनंदाबाई, जन्मतारीख तिन्हीकडे निराळी. नवरा असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. तो गेला की कुटुंब पेन्शन अडते, आणि पेन्शन अडली की ईसीएचएसचं कार्ड अडतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, सरपंचाचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खेपा. पूर्वी निदान बँकेतला साहेब ओळखीचा होता. आता पेन्शन 'स्पर्श' पोर्टलवर गेली आणि हयातीचा दाखला अंगठ्यावर. आयुष्यभर चिखलात रोपं लावलेल्या बाईच्या बोटाचे ठसे मशीनला उमटत नाहीत.

तिची स्वतःची कंबर मात्र कुणाच्याच यादीत नसते. वर्षानुवर्षं नवरा सीमेवर असताना शेत, गुरं, सासू-सासरे तिनं ओढले, मग जखमी नवऱ्याला उठवणं-बसवणंही तिनंच केलं. सैनिकांच्या वेदनेची चर्चा होते तेव्हा गणवेशातला पुरुष डोळ्यासमोर येतो. पॉलिक्लिनिकच्या बाकावर पाहिलं तर बायका किती असतात ते दिसतं. बहुतेक जणी नवऱ्याची फाइल धरून.

योजनेच्या कुंपणाबाहेर आणखीही माणसं आहेत. एकाच घरातला थोरला मराठा पलटणीत गेला, धाकटा सीआरपीएफमध्ये. गाव दोघांनाही फौजीच म्हणतं, गणपतीत दोघांचाही सत्कार होतो. धाकट्यानं दंतेवाड्यात सुरुंगाचा हादरा खाल्ला असला तरी तो 'माजी सैनिक' नव्हे. गृह मंत्रालयानं २०१२ साली त्याला 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' अशी लांबलचक ओळख दिली, पण ईसीएचएस दिली नाही. त्याची वाट सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेची, आणि तिचे दवाखाने पुणे शहरात. सैनिकी आणि निमलष्करी हा भेद दिल्लीच्या दोन मंत्रालयांमधला आहे. मणक्यातल्या चकतीला तो ठाऊक नाही.

कोण सैनिक आणि कोण नाही, हे सरकारनं कागदावर ठरवायचं आणि त्याची किंमत पिढ्यांनी मोजायची, हे महाराष्ट्राला नवं नाही. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाची भरती बंद केली. दापोलीत स्थायिक झालेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. १९१०मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज पाठवला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं, तीही युद्धाच्या गरजेपोटी. भरती गेली त्याबरोबर पगार गेला, पेन्शन गेली, शाळा गेली, दवाखाना गेला, हे त्या अर्जदारांना पक्कं माहीत होतं. आजही सैनिकाचा दवाखाना त्याच्या भरतीच्या कागदालाच बांधलेला आहे.

अमेरिकेत सैनिकाच्या वेदनेचा विचार बराच पुढं गेला, आणि ठेचकाळलाही. तिथल्या माजी सैनिकांच्या आरोग्य खात्यानं १९९९मध्ये नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीला वेदना हे पाचवं लक्षण मानायचं ठरवलं. प्रत्येक भेटीत शून्य ते दहामध्ये आकडा विचारायचा. हेतू चांगला होता. पण त्या काळात आकडा खाली आणायचा सोपा उपाय म्हणून अफूजन्य गोळ्यांचा पूर आला आणि त्यानं किती बळी घेतले हे जगानं पाहिलं. दुसरीकडे २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका अभ्यासात आढळलं, की वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांच्या मनात काळ्या माणसाच्या शरीराबद्दल काही ना काही खोटी समजूत होती, जसं की त्याची कातडी जाड असते. ज्यांच्या मनात अशा समजुती जास्त, ते काळ्या रुग्णाची वेदना कमी धरत. आपल्याकडे डॉक्टर कातडीबद्दल असं बोलणार नाही. 'गावची माणसं काटक असतात', 'फौजी आहे, सहन करेल' एवढं मात्र सहज म्हणून जातो, आणि त्या दोन वाक्यांत आपला नाईक दोन्हीकडून सापडतो.

अफूजन्य औषधांत आपलं दुखणं अमेरिकेच्या उलट आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन एवढं धाकात ठेवलं की कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसालाही ते मिळेना. २०१४च्या दुरुस्तीनं वाट थोडी मोकळी केली. कंबरदुखीच्या नाइकाला मॉर्फिन नकोच आहे. पण वेदना मोजणं, ती खरी मानणं, घरी जाऊन बघणं, हे उपशामक (पॅलिएटिव्ह) सेवेनं शिकवलं. वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी हे करत आहे, आणि मुळशीहून शहरात शिरताना ते जवळच लागतं. केरळनं २००८मध्ये उपशामक सेवेचं धोरण आखून पंचायतींच्या मदतीनं परिचारिका घरोघर पाठवल्या. हा सगळा अनुभव आपल्याच देशातला आहे.

मुळशीत त्यातलं काय जमेल? पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. आठवड्यातून एक दिवस तिथं फिजिओथेरपिस्ट बसला, आणि त्यानं ईसीएचएस, सीजीएचएस की साधा केसपेपर असा भेद न करता कंबर तपासली, तर खडकीच्या दहा खेपांच्या जागी पौडच्या दहा खेपा होतील. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. संरक्षण खातं आणि राज्याचं आरोग्य खातं यांच्यात एक करार लागतो, जो बहुधा इमारतीपेक्षा अवघड असतो. औषधं एका वेळी जास्त दिवसांची द्यावीत. वेदनेचा आकडा विचारण्यापेक्षा पंगतीला मांडी घालून बसता येतं का, रात्री किती वेळा जाग येते, बांध चढताना कुठं थांबावं लागतं, असं विचारावं. माणूस आकड्यात लपवतो ते इथं सांगून जातो. फाटकावर माजी सैनिक ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्याला बसायला एक उंच स्टूल द्यावं. त्याला बसू देण्यानं कंपनीच्या सुरक्षेला धोका पोचत नाही.

काही उपचारांना तर पौडही लागत नाही. सुरुंगात पाय गेलेल्या माणसाचा नसलेला तळवा दुखतो, नसलेल्या बोटांत पेटके येतात. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार केलेल्या वेअर मिचेल यांनी १८७१मध्ये याला 'फँटम लिंब' म्हटलं. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात त्यावर आरसा वापरून पाहिला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, शाबूत पायाचं प्रतिबिंब बघत तो हळूहळू हलवायचा. मेंदूला वाटतं, गेलेला पाय हलतोय, आवळलेली मूठ सुटावी तसा पेटका सैल होतो. २००७ साली वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांवर केलेल्या छोट्या चाचणीत आरसा वापरणाऱ्यांची वेदना उतरली. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण हा आरसा पौडच्या बाजारात मिळतो, आणि रोज पंधरा मिनिटं घरच्या पडवीत बसून ते करता येतं. कुणीतरी एकदा घरी येऊन नीट शिकवायला मात्र हवं.

एवढ्यात पुढची तुकडी घरी यायला निघाली आहे. अग्निपथ योजनेतले पहिले अग्निवीर २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेले. त्यांची चार वर्षं २०२६ संपता संपता भरू लागतात. जास्तीत जास्त एक चतुर्थांश जणांना कायम करण्याची तरतूद आहे. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन परततील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. सेवेत अपंगत्व आलं तर एकरकमी भरपाई आहे, पण ते अपंगत्व बोर्डासमोर नोंदलेलं हवं. आणि कायम होण्याच्या चढाओढीत असलेला मुलगा त्या चार वर्षांत किती वेळा सिक रिपोर्ट करेल, याचा अंदाज पलटणीतला कुणीही हवालदार मेजर देऊ शकेल. हिंजवडी आणि पिरंगुटच्या फाटकांवर या मुलांसाठी नोकऱ्या निघतील, त्याची जाहीर आश्वासनं आहेतच. त्यांच्या कमरेची फाइल कुठल्या खिडकीवर उघडायची, याबद्दल अजून कुठलंही परिपत्रक आलेलं नाही.